सोसायटीत रोबोटवरचे सिनेमे दाखवायचे आहेत. कोणते निवडू आणि कोणत्या क्रमाने?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात घोडबंदर रोडला सोसायटी, क्लबहाउसमध्ये सहा शनिवार, प्रेक्षक म्हणजे आठ ते पंधरा वयाची पोरं आणि ज्येष्ठ नागरिक, विषय रोबोट आणि माणसाचं नातं. अट एकच, 'यंत्र शेवटी माणसावर उलटतं' हे दर शनिवारी ऐकायला लागू नये.

अट रास्त आहे. आपल्याकडे रोबोटचा विषय निघाला की कोणीतरी भस्मासुर काढतोच. वर दिला, ज्यानं दिला त्याच्याच डोक्यावर हात ठेवायला निघाला, चर्चा खलास. पण या प्रकारातले जे सिनेमे टिकले, त्यांतल्या बऱ्याच जणांना भस्मासुरापेक्षा सांगकाम्या जास्त लागू पडतो. आजीच्या गोष्टीतला तोच तो पोरगा: सांगितलेलं अक्षरशः करतो आणि घोटाळा करून ठेवतो. त्याच्या पोटात पाप नसतं, गडबड सांगणाऱ्याच्या वाक्यात असते. तुम्ही सहाही शनिवार याच धाग्यात ओवा. हुकूम कोणी दिला, नेमक्या कोणत्या शब्दांत दिला आणि तो मागे घ्यायची सोय कोणाच्या हातात होती, एवढंच दर वेळी विचारायचं.

पहिल्या दिवशी प्रस्तावनेत दोन मिनिटं शब्दावर घालवा. 'रोबोट' हा शब्द आला कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० च्या नाटकातून. तो सुचवला त्याच्या भावानं, योसेफनं. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ, जमीनदाराकडे फुकट राबणं. म्हणजे रोबोट हा जन्मापासूनच वेठबिगार. त्या नाटकातले रोबोट पत्र्याचे नव्हतेच, कृत्रिम मांसाचे होते. पत्रा सिनेमानं चढवला, १९२७ च्या 'मेट्रोपोलिस'पासून. ज्येष्ठांना 'वेठ' हा शब्द लगेच पोचेल, मुलांना उदाहरण द्यावं लागेल.

पहिला शनिवार: वॉल-ई (२००८, ९८ मिनिटं). भाषेची अडचण आधी मोडून काढायची असेल तर यापरता चांगला आरंभ नाही, कारण पहिली तीसेक मिनिटं बोलणं जवळजवळ नाहीच. त्याआधी एक छोटी फिल्म दाखवा. १९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मेरियन झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी जेमतेम दीड मिनिटाचं एक चलच्चित्र केलं होतं: एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार असलेली एक चौकट. ते इंटरनेटवर सहज सापडतं. दाखवून झालं की फक्त विचारा, 'काय झालं?' कोणीही 'आकृत्या सरकल्या' म्हणणार नाही. मोठा त्रिकोण दांडगट आहे, वर्तुळ घाबरलंय, छोटा त्याला सोडवतोय, असंच सगळे सांगतील. रोबोटवर जीव जडतो तो असा. चेहरा लागत नाही, हालचालीत हेतू दिसला की पुरतं.

मग वॉल-ईचे, म्हणजे ओसाड पृथ्वीवर कचरा गोळा करणाऱ्या छोट्या रोबोटचे, डोळे बघायला सांगा. ती दुर्बीण आहे. दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटनला ती कल्पना बेसबॉलचा सामना बघताना हातातल्या दुर्बिणीवरून सुचली: मधला सांधा वाकवला की ती उदास दिसते, उलटा वाकवला की खूश. वॉल-ईला भुवई नाही, तोंड नाही. आवाज बेन बर्टचा, ज्यानं १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मधल्या आर-टू-डी-टूलाही आवाज दिला होता.

आता धाग्याकडे. या सिनेमात माणसांना घेऊन फिरणाऱ्या अंतराळजहाजाचं सुकाणू ऑटो नावाच्या यंत्राकडे आहे आणि सगळे त्याला खलनायक समजतात. त्यानं खरं केलं काय? पृथ्वीवर परत जायचं नाही, हा शेकडो वर्षांपूर्वी दिलेला हुकूम पाळला. हुकूम देणारा केव्हाच मेला, परिस्थिती बदलली, पण रद्द करायची पद्धत कोणी लिहूनच ठेवली नाही. तुमच्या सोसायटीच्या एखाद्या जुन्या ठरावाची आठवण कोणाला झाली तर होऊ द्या.

दुसरा शनिवार: रोबोट, म्हणजे शंकर यांचा रजनीकांत असलेला तमिळ 'एंदिरन' (२०१०), हिंदी डबिंगमध्ये. मुलं हट्टानं मागतील ती यातली मारामारी. खरा माल मात्र मध्यंतराच्या आधी आहे.

सिनेमाआधी पंधरा मिनिटांचा खेळ घ्या. टेबलावर वर्तमानपत्र पसरा. एक ग्लास पाणी, एक अख्खं लिंबू, सुरी, साखरेचा डबा, मीठ, चमचा. एका आजोबांना रोबोट करा. मुलं नकोत: ती एकतर समजूतदारपणे मदत करतात नाहीतर नुसती माकडचेष्टा करतात. आजोबांना बाजूला घेऊन सांगायचं, 'स्वतःची अक्कल अजिबात वापरायची नाही, वाक्य जसं येईल तसं.' मुलांनी बारा सूचनांत लिंबू सरबत करवून घ्यायचं. 'लिंबू पिळा' म्हटलं की आजोबा न कापलेलं लिंबू पिळतील. 'साखर घाला' म्हटलं की डबा उपडा करतील. म्हणून डब्यात चार-पाच चमचेच साखर ठेवा. 'ढवळा' म्हटलं की ढवळतच राहतील, कारण थांबा असं कोणी म्हटलेलंच नाही. ग्लास पुरता भरू नका, पाऊण भरा, नाहीतर ढवळताना सांडतं. एकानं फळ्यावर लिहीत जावं: न सांगितलेल्या पण आपण गृहीत धरलेल्या गोष्टी किती निघाल्या. बारा सूचनांत काम क्वचितच होतं.

मग सिनेमातला रोबोट, चिट्टी, बघा. आगीत अडकलेल्या माणसांना वाचव, एवढा हुकूम. तो न्हाणीघरातल्या मुलीलाही उचलून आणतो, जशी आहे तशी, गर्दीसमोर आणि कॅमेऱ्यांसमोर. ती लाजेनं पळत सुटते आणि गाडीखाली येते. चिट्टीनं हुकूम तंतोतंत पाळला होता. त्याआधी तपासणीत परीक्षक डॉ. बोरा त्याला त्याच्या निर्मात्यावरच वार करायला सांगतो तेव्हाही तो बिनदिक्कत निघतो. 'अब्रू म्हणजे काय' हे त्याला कोणी सांगितलेलं नाही, तसं 'निर्मात्यावर वार करू नये' हेही नाही. हा प्रसंग आठ वर्षांच्या मुलांना जड जाऊ शकतो. आधी पालकांना सांगून ठेवा. उत्तरार्धात त्याला विध्वंस शिकवणारी लाल चिप बसते आणि सिनेमा सरळ भस्मासुर होतो. वेळ कमी असेल तर मध्यंतरानंतरची गाणी पुढे ढकला, कोणाचं काही बिघडत नाही. सिनेमा तीन तासांच्या जवळ जातो हे धरूनच वेळ ठरवा.

इथे एक जोड छान बसते. 'बिग हिरो ६' (२०१४) मधला बेमॅक्स, गुबगुबीत शुश्रूषा रोबोट. त्याचीही शुश्रूषेची हिरवी चिप काढून फक्त लढाईची लाल ठेवली की तोच मऊ फुगा माणसाच्या जिवावर उठतो. तेवढी पाच मिनिटं दाखवली तरी पुरे. बेमॅक्सचं फुगवलेलं अंग कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या फुगवता येणाऱ्या यांत्रिक हातावरून सुचलं होतं. बाकी बऱ्याच सिनेमातल्या रोबोटांपेक्षा तो वास्तवाच्या जवळचा आहे.

आता हॉलचं बोलतो, कारण असे उपक्रम बंद पडतात ते सिनेमाच्या निवडीमुळे नाही, आवाजामुळे. १२० इंची पडदा म्हणजे सुमारे पावणेनऊ फूट रुंद. नेहमीच्या प्रोजेक्टरला तेवढ्या चित्रासाठी साधारण तेरा फूट अंतर लागतं. प्रोजेक्टरचा उजेड ३००० ल्युमेनच्या खाली नको आणि ट्यूबलाइट सगळ्या बंद करता येतात का ते आदल्या दिवशी बघा. अनेक क्लबहाउसांत दाराजवळची एक ट्यूब जिन्याच्या बटणावर असते. पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर हवी. नाहीतर सबटायटल पुढच्यांच्या डोक्यांमागे जातात आणि मागे बसलेले ज्येष्ठ विसाव्या मिनिटाला उठतात. मुलांना सतरंजीवर पुढे, खुर्च्या मागे.

प्रोजेक्टरच्या पोटातल्या स्पीकरवर विसंबू नका. आवाज पडद्याकडून यायला हवा, म्हणून स्पीकर पडद्याखाली आणि जोडणी वायरनं. ब्लूटूथनं आवाज मागे पडतो, ओठ आधी हलतात. क्लबहाउसवर पत्र्याची शेड असेल तर जुलैच्या पावसात संवाद ऐकू येणार नाहीत; कमी संवादाचे सिनेमे तेव्हा ठेवा. लॅपटॉपवरून ओटीटी लावलं की कधी कधी पडदा काळा आणि आवाज मात्र चालू, असं होतं. बिघाड नसतो, मधला एखादा जुना स्प्लिटर किंवा कन्व्हर्टर कॉपी-संरक्षण ओळखत नसतो. तो काढून सरळ एकच एचडीएमआय केबल लावा. सुरुवात साडेसहाला करा. रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही आणि चर्चेला अर्धा तास हवा.

हक्कांचंही बघा. ओटीटीची वर्गणी घरगुती वापराची असते, तिच्यात सोसायटीच्या खेळाची परवानगी येत नाही. सिनेमांसाठी हक्कधारकाकडून किंवा परवाना देणाऱ्या संस्थेकडून लेखी घ्या. खर्च टाळायचा असेल तर एक वाट आहे: भारतीय कायद्यात सिनेमाचा कॉपीराइट प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे 'मेट्रोपोलिस', 'द डे द अर्थ स्टूड स्टिल' (१९५१) आणि 'फॉरबिडन प्लॅनेट' (१९५६) त्या मुदतीच्या बाहेर गेले. मात्र नव्यानं जोडलेलं संगीत किंवा नवी सुधारित आवृत्ती यांचे हक्क वेगळे असू शकतात, तेवढं तपासा.

तिसरा शनिवार म्हणूनच जुना सिनेमा ठेवा: 'द डे द अर्थ स्टूड स्टिल', ९२ मिनिटं. यात परग्रहावरून आलेला गोर्ट नावाचा गुळगुळीत, न बोलणारा रोबोट आहे. आत सात फुटांहून उंच लॉक मार्टिन होता. चेन दिसू नये म्हणून दोन पोशाख शिवले होते, एकाची चेन पुढे, दुसऱ्याची मागे. पाठ दाखवायची असेल तर पुढच्या चेनचा घालायचा. मुलांना चेन शोधायला लावा, अख्खा सिनेमा डोळे ताणून बघतील. धागा इथे अगदी उघडा आहे. सगळ्या सैन्याला न आवरणारा गोर्ट तीन शब्दांनी आवरतो, 'क्लाटू बराडा निक्टो', आणि ते शब्द सेनापतीला माहीत नाहीत. एका साध्या नोकरदार बाईला पाठ आहेत.

याच दिवशी रोबोटांच्या तीन नियमांचा विषय निघेल. विज्ञानकथालेखक आयझॅक आसिमॉव्हनं १९४२ च्या 'रनअराउंड' कथेत ते मांडले: माणसाला इजा नको, हुकूम पाळा, स्वतःला जपा, याच उतरत्या क्रमानं. लोक ते वापरायच्या सूचना असल्यासारखे सांगतात. खरं तर त्याच्या कथा चालतात त्या हे नियम एकमेकांत अडकतात म्हणून. 'फॉरबिडन प्लॅनेट'मध्ये रॉबी या रोबोटला माणसावर बंदूक चालवायला सांगतात आणि तो जागच्या जागी ठिणग्या टाकत गोठतो, तो दोन मिनिटांचा प्रसंग दाखवला की भाषण करावं लागत नाही.

चौथा शनिवार ज्येष्ठांचा, आणि माझ्या मते सहांतला सगळ्यात महत्त्वाचा. मल्याळम 'अँड्रॉइड कुंजप्पन व्हर्जन ५.२५' (२०१९). पय्यन्नूरकडचे हेकट भास्करन, नोकरीसाठी रशियात गेलेला मुलगा, आणि वडिलांना सांभाळायला घरी आणून ठेवलेला छोटा रोबोट. भास्करन झालेल्या सुराज वेंजारमूड यांचं काम बघण्यासारखं आहे. रोबोटच्या आत सूरज तेलक्काड हा कमी उंचीचा नट होता. म्हणून कुंजप्पन वळतो, थबकतो ते संगणकानं काढल्यासारखं वाटत नाही. घोडबंदर रोडच्या टॉवरांत ज्यांची मुलं न्यू जर्सीला किंवा सिडनीला आहेत त्यांना गोष्ट समजावून सांगायची गरज नाही. मात्र भाषेची सोय करावी लागेल. मल्याळम संवाद, इंग्रजी सबटायटल, आणि सत्तरीतले डोळे. एका माणसानं आदल्या दिवशी सिनेमा बघून अर्ध्या पानात मराठीत कथा लिहावी, सुरुवातीला वाचावी आणि मध्ये चार-पाच ठिकाणी थांबवून दोन वाक्यं सांगावीत. शेवट मात्र त्या अर्ध्या पानात नको.

याच्या जोडीला 'रोबोट अँड फ्रँक' (२०१२, ८९ मिनिटं) आहे. विसरायला लागलेला म्हातारा चोर, त्याच्यासाठी मुलानं आणलेला रोबोट. इथे सांगकाम्याचा डाव उलटा फिरतो. रोबोटला हुकूम आहे फ्रँकची तब्येत सुधारायचा. फ्रँकला घरफोडीत रस येतो, मेंदू तरतरीत होतो, म्हणून रोबोट चोरीला तयार! कमी मिठाचं जेवण आणि कुलूप उघडण्याचा सराव त्याच्या लेखी एकाच यादीत. मध्ये तो फ्रँकला भीड घालण्यासाठी खोटंही बोलतो आणि नंतर ते शांतपणे कबूल करतो. चर्चेला विचारा: काळजी घेणाऱ्यानं भल्यासाठी खोटं बोलावं का? औषध भाजीत मिसळून देणाऱ्या सुना आणि लेकी गप्प बसणार नाहीत.

त्या संध्याकाळी वागळे इस्टेट किंवा महापे-रबाळेच्या कारखान्यांत काम केलेलं कोणी सभासद असेल तर त्यांना दहा मिनिटं द्या. खऱ्या कारखान्यातला रोबोट म्हणजे जमिनीला बोल्टनं आवळलेला, सहा सांध्यांचा एक हात, भोवती जाळी. जाळीचं दार उघडलं की वीज तुटते आणि हात थांबतो. तो माणूस ओळखत नाही, दार ओळखतो. असा पहिला हात, युनिमेट, १९६१ मध्ये न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात लागला. चेहरा नसल्यानं त्याच्यावर कोणी रडत नाही.

पाचवा शनिवार: '२००१: अ स्पेस ओडिसी' (१९६८). लहान मुलांना यायची सक्ती करू नका. पहिली पंचवीस मिनिटं एकही संवाद नाही आणि हे 'वॉल-ई'चं मौन नव्हे. पण हॅलशिवाय, म्हणजे यातल्या अंतराळयानाचा कारभार बघणाऱ्या संगणकाशिवाय, हा विषय पुरा होत नाही. नुसता लाल डोळा आणि डग्लस रेनचा मऊ आवाज. हॅलला लोक वेडा म्हणतात. नीट ऐकायला लावा: हॅल बंद पडल्यावर एक ध्वनिमुद्रित निरोप सुरू होतो आणि त्यात कळतं की मोहिमेचा खरा हेतू प्रवासात फक्त हॅललाच ठाऊक होता, जाग्या असलेल्या दोघांपासून तो लपवलेला होता. खोटं बोलायला सांगितल्यानंच हॅल बिघडला हा उलगडा १९८४ च्या पुढच्या भागात, '२०१०' मध्ये, स्पष्ट येतो. एक हुकूम माहिती अचूक द्यायचा, दुसरा ती दडवायचा. दोन साहेबांच्या मध्ये सापडलेला कारकून ज्यांनी बघितलाय त्यांना हे लवकर उमगतं. हॅल मरताना 'डेझी' गाणं म्हणतो तेही उगाच नाही: १९६१ मध्ये बेल लॅब्जमध्ये आयबीएमच्या संगणकाकडून तेच गाऊन घेतलं होतं. मध्यंतर सिनेमातच आहे, हॅल ओठांवरून बोलणं वाचतो त्या प्रसंगानंतर लगेच. चहा-वडे त्या वेळी तयार ठेवा.

सहावा: 'रोबोट ड्रीम्स' (२०२३, १०२ मिनिटं). शब्दच नाहीत, त्यामुळे पाऊस पडो की आजींचं कानाचं यंत्र घरी राहो, काही अडत नाही. एकटा कुत्रा टपालानं रोबोट मागवतो, समुद्रावर नेतो, रोबोट गंजून वाळूवर अडकतो, किनारा हंगामापुरता बंद होतो. इथे हुकूम कोणीच देत नाही. विकत आणलेल्या दोस्ताला परत आणायचं राहून गेलं तर काय, एवढंच. मुलांना रडू येईल, येऊ द्या.

'एक्स माकिना', 'हर' आणि 'ब्लेड रनर' सुचवणारे बरेच भेटतील. तिन्ही चांगले, तिन्ही मुलांसाठी नाहीत. कमिटीला चालत असेल तर मोठ्यांची वेगळी रात्र ठेवा, आणि एकच निवडायचा तर 'एक्स माकिना'.

आणि टर्मिनेटर. पोरं मागणारच, आणि दुसरा भाग (१९९१) म्हणजे सांगकाम्याचीच गोष्ट आहे, पण हिंसेमुळे तो अख्खा दाखवू नका. पंधराच्या आसपासच्यांना दोन तुकडे पुरतील. पहिल्यात जॉन हा मुलगा, त्याच्या रक्षणासाठी पाठवलेलं धिप्पाड यंत्र आपलं ऐकतं का ते बघायला, त्याला एका पायावर उभं करतो आणि ते राहतं. दुसऱ्यात, कोणाला मारणार नाही अशी शपथ घेतल्यावर, ते इस्पितळाच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या पायांत गोळ्या घालतं आणि जॉनला सांगतं, हा जगेल.